हा मासा काय खातो? आधी त्याची लांबी सांगा

फोनवर ‘रोहू काय खातो’ असं विचारलं की दोन सेकंदांत उत्तर येतं: शेवाळ, पाणवनस्पती, कुजलेला पाला. शाकाहारी मासा. उत्तर खरं आहे, पण ते मोठ्या रोहूचं आहे. आणि आपण शेततळ्यात सोडतो ती असतात पिल्लं.

आमच्या कुरुंद्यात, म्हणजे एकूणच वसमत तालुक्यात, शेततळं हा आता नवलाचा विषय राहिलेला नाही. 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. हळदीला, केळीला पाणी पाहिजे म्हणून तळं घेतलं, आता पाणी आहेच तर मासेही टाकू, असा साधा हिशोब. व्हिडिओ बघायचा, मत्स्यबीज आणायचं, सोडून द्यायचं. महिन्याभरात बरंचसं गायब झालं की दोष बीजवाल्याचा. कधी असतोही. पण खूपदा पिल्लं उपाशी मरतात, आणि पाण्यावर मेलेलं काही दिसतही नाही, इतकी ती बारीक असतात.

रोहूचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याच्या पोटाला बलकाची पिशवी असते. साधारण तीन दिवस तीच शिदोरी. ती संपता संपता त्याला बाहेरचं खाणं लागतं, आणि तेव्हा त्याला पाहिजे असतात पाण्यात वळवळणारे सूक्ष्म जीव. आधी रोटिफर, मग जरा मोठी डॅफ्निया, जिला पाणपिसू म्हणतात. म्हणजे आपला शाकाहारी रोहू लहानपणी पक्का मांसाहारी! पुढे बोटुकली झाल्यावर तो हळूहळू शेवाळ-पाल्याकडं वळतो.

हा बदल आवडीचा नाही, मापाचा आहे. पिल्लू घास अख्खा गिळतं, त्यामुळं तोंड जेवढं उघडतं तेवढाच घास. शिवाय वनस्पती पचवायला लांब आतडं लागतं. पिल्लाचं आतडं आखूड असतं. रोहू वाढतो तसं ते शरीराच्या मानानंही लांबत जातं, आणि मोठ्या रोहूत ते अंगाच्या कितीतरी पट लांब, गुंडाळी करून बसवलेलं असतं. मासे साफ करताना बघा एकदा.

सगळ्या माशांचं असंच होतं असं नाही. कटला जन्मभर मुख्यतः वरच्या थरातले सूक्ष्म जीवच खातो. मृगळ तळाच्या गाळाकडं जातो (आता प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात गाळच नसेल तर त्यानं काय खायचं, हा प्रश्न स्वतःला विचारा). मरळ तर उलट्या दिशेनं जाते. सूक्ष्म जीव, मग किडे, मग मासे आणि बेडूक, आणि मध्येच आकारात फरक पडला तर स्वतःची भावंडंसुद्धा.

बीज सोडायच्या आधी एक सोपी तपासणी. तळ्याचं दोन-तीन बादल्या पाणी बारीक सुती कापडातून गाळा, कापडावर राहिलेलं काचेच्या ग्लासात घ्या, उजेडासमोर धरा आणि फोनचा मॅक्रो मोड लावा. झटके देत उड्या मारणारे ठिपके दिसले तर बरं. काहीच हललं नाही तर बीज आणायची घाई करू नका. आधी शेणखत वगैरे देऊन पाणी तयार होऊ द्या. शेंगदाणा पेंड आणि भाताच्या कोंड्याची भुकटी देतात ती जोडीला ठीक, पण पहिल्या दिवसांत जिवंत खाण्याची सर तिला नाही.

हाच हिशोब ध्रुवावर फार कडक होतो. आर्क्टिकमध्ये पोलर कॉड नावाचा वीतभर मासा आहे. त्याची अंडी बर्फाखाली तरंगतात. पिल्लू जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचं. ते खातं कोपेपॉडची अंडी आणि पिल्लं. कोपेपॉड म्हणजे कोळंबीचा दूरचा नातेवाईक, पूर्ण वाढला तरी तांदळाच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान. कॉड वाढला की आधी पूर्ण वाढलेले कोपेपॉड, मग त्याहून मोठे अँफिपॉड, आणि कधी आपल्याच जातीची पिल्लंही.

आता गंमत, खरं तर काळजी, इथं आहे. ऊन वाढून बर्फ पातळ होतो, शेवाळ वाढतं, ते खाऊन कोपेपॉड अंडी घालतात. बर्फ वितळायची वेळ सरकली की हे वेळापत्रक सरकतं. पिल्लू बाहेर आलं आणि ताट अजून वाढलेलंच नाही, किंवा आधीच उचललं गेलं, असं होऊ शकतं. मोठा कॉड दुसरं काही शोधेल. पिल्लाच्या तोंडात दुसरं काही मावतच नाही. आणि या माशावर सील, पक्षी, व्हेल असे कितीतरी अवलंबून आहेत.

दक्षिणेकडं अंटार्क्टिक टूथफिश. लहानपणी तळाजवळ राहून क्रिल आणि छोटे मासे खाणारा. त्याला हवेची पिशवी नसते. अंगात चरबी साठत जाते, मीटरभर लांब झाल्यावर तो पाण्यात जवळजवळ तरंगू शकतो, आणि मग खोल पाण्यातले मोठे मासे आणि स्क्विड त्याच्या आवाक्यात येतात.

पण बर्फाखालचा मासा लहानपणी काय जेवला हे कळतं कसं? पोट फाडून बघितलं तर फक्त शेवटचं जेवण दिसतं. घास ओळखण्यापलीकडं विरघळला असेल तर त्यातला डीएनए वाचतात. जुना इतिहास मात्र वेगळ्या ठिकाणी असतो.

माशाच्या कानात चुनखडीचा छोटा खडा असतो. त्यावर झाडासारखी वर्तुळं पडतात, पिल्लांमध्ये तर अनेकदा रोज एक. त्यावरून वय कळतं. जेवण कळतं नायट्रोजनवरून. नायट्रोजनचे अणू दोन वजनांचे, 14 आणि 15. खाणाऱ्याच्या अंगात जड अणूंचं प्रमाण त्याच्या खाद्यापेक्षा दर हजारी साधारण 3 ते 4 नं जास्त भरतं. मास स्पेक्ट्रोमीटर हे मोजतो. आकडा जितका वर, तितका मासा अन्नसाखळीत वर.

आणि हे मोजायची सगळ्यात भारी जागा म्हणजे डोळा. माशाच्या डोळ्याचं भिंग कांद्यासारखं थरांनी वाढतं, आणि तयार झालेला थर पुन्हा बदलत नाही. अगदी आतला थर पिल्लू असतानाचा, बाहेरचा कालपरवाचा. एकेक पापुद्रा सोलून मोजला की त्याच माशाचं बालपणापासूनचं जेवण क्रमानं वाचता येतं. रश्श्यातलं मुंडकं खाताना दाताखाली जो पांढरा टणक मणी येतो ना, तेच ते भिंग. शिजल्यामुळं पांढरं झालेलं.