अड्डा परदेशात, गिऱ्हाईक लखनौत

लखनौसह अवधला सार्वजनिक जुगाराचा कायदा लागू झाला तो १८६७ मध्ये. त्या कायद्याला अड्डा म्हणजे चार भिंती आणि नाल काढणारा मालक एवढेच ठाऊक. आज अड्डा परदेशी सर्व्हरवर आणि गिऱ्हाईक हजरतगंजमध्ये फोनवर असते. मग बंधने सैल करून परदेशी कंपन्यांना परवानेच द्यावेत, असे काहीजण म्हणतात. बंदीने खेळ थांबत नाही, फक्त कर बुडतो. यात तथ्य आहे. पण परवान्याच्या अटी मोडल्या तर धरायचे कोणाला? ब्रिटनने २०१४ मध्ये नियम केला: कंपनी कुठलीही असो, गिऱ्हाईक ब्रिटनमधले असेल तर परवाना ब्रिटनचाच. म्हणजे तिथेही दार सताड उघडलेले नाही.

आपल्याकडे बंगळूरहून मुंबई राज्यात चालवलेल्या शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धेवरून चमारबागवाला खटला उभा राहिला. जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये दिला. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि बँकांना असे व्यवहार करण्यास मनाई केली. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा ठेवली नाही. हा रोख योग्य आहे, कारण सर्व्हर हाती लागत नसला तरी पैशाची वाट अडवता येते. परदेशी कंपनीची जप्त करता येईल अशी ठेव भारतात नसेल, तोवर ही बंधने सैल करू नयेत.