आवेग व पतनजन्य इजा

पदार्थावर क्रिया करणारी सरासरी प्रेरणा व तिच्या क्रियेचा कालावधी यांचा गुणाकार म्हणजे आवेग होय. न्यूटन यांच्या दुसऱ्या गतिनियमानुसार आवेग हा पदार्थाच्या संवेगातील (द्रव्यमान × वेग) बदलाइतका असतो. उंचावरून पडणाऱ्या व्यक्तीला होणारी इजा पृष्ठानुसार का बदलते, ते यावरून समजते.

60 किग्रॅ. द्रव्यमानाची व्यक्ती 1.25 मी. उंचीवरून पडल्यास टेकताना तिचा वेग दर सेकंदास सु. 5 मी. व संवेग सु. 300 न्यूटन-सेकंद असतो. पृष्ठ कोणतेही असो, थांबताना हा संवेग शून्य व्हावाच लागतो. मंदन एकसारखे मानल्यास, फरशीवर 1 सेंमी. अंतरात थांबण्यास 0.004 सेकंद लागतो व सरासरी प्रेरणा 75,000 न्यूटन भरते. जाड फोमच्या गादीत 50 सेंमी. अंतरात थांबण्यास 0.2 सेकंद मिळतो व प्रेरणा 1,500 न्यूटनपर्यंत उतरते. (व्यक्तीचे वजनही पेलावे लागत असल्याने गादीची प्रत्यक्ष प्रेरणा सु. 2,100 न्यूटन असते. फरशीच्या बाबतीत ही भर नगण्य होय.) गुडघे वाकवून उतरण्याचा लाभ याच स्वरूपाचा आहे.

मऊ पृष्ठ आवेग कमी करते ही समजूत बरोबर नाही; ते कालावधी वाढविते. उसळी देणाऱ्या ट्रँपोलिनवर तर वेगाची दिशा उलटत असल्याने आवेग जवळजवळ दुप्पट होतो, तरी नीट उतरणाऱ्यास सहसा इजा होत नाही.

कुस्तीच्या हौद्यातील तांबडी माती तुडवून घट्ट होते, म्हणून ती वेळोवेळी उकरून भुसभुशीत करतात. वाळू व लाकडाचा भुगा यांचेही कार्य असेच. मात्र थर अपुरा असल्यास तो पूर्ण दबतो व उरलेला संवेग खालच्या कठीण तळावर क्षणार्धात नष्ट होतो.

अमेरिकेतील ह्यू डी हेवन यांनी 1942 मध्ये 50 ते 150 फूट उंचीवरून पडूनही वाचलेल्या व्यक्तींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. पहिल्या महायुद्धात वैमानिकी शिकताना ते स्वतः विमान अपघातातून बचावले होते. आघात शरीराच्या लांबीला काटकोनात व विस्तृत भागावर झाल्यास गुरुत्वाकर्षणाच्या 200 पट प्रेरणाही अल्पकाळ सहन होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. डोक्याच्या बाबतीत मात्र एवढी सवलत नसते. म्हणून क्रीडांगणाच्या पृष्ठाची चाचणी मापक बसविलेले कृत्रिम डोके त्यावर टाकून घेतात आणि महत्तम मंदनाबरोबरच ते किती काळ टिकले हेही पाहतात.