सर्व्हर कोणाचा, भरवसा कोणावर?

घर बंद करून आठ दिवस बाहेरगावी जायचे झाले, की दागिन्यांचा डबा कोणाकडे ठेवावा याचा विचार प्रत्येक घरात होतो. त्या वेळी शेजाऱ्याचे घर किती मजली आहे हे कोणी पाहत नाही. माणूस कसा आहे, त्याच्याकडे ऊठबस कोणाची आहे, तो आजारी पडला तर किल्ली कोणाच्या हाती जाईल, एवढेच पाहिले जाते. दागिन्यांच्या बाबतीत इतके सावध असणारे आपण आपली छायाचित्रे, पत्रे, वादविवाद आणि वर्षानुवर्षांचे लिखाण कोणाच्या हवाली करतो, हे मात्र विचारीत नाही. ‘फुकट आहे आणि सगळेच तिथे आहेत’ एवढे कारण आपल्याला पुरते.

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो एका लहानशा कामामुळे. भंडारा-पवनी रस्त्यावरच्या आमच्या अड्याळात आम्ही पाचसहा जण झाडीबोलीतले शब्द गोळा करतो. डोळ्याला ‘डोरा’ म्हणणारी ही बोली मुले शाळेत गेली की लाजून टाकून देतात. धानाच्या रोवणीतले, मासेमारीतले, दंडारीच्या सोंगांतले शब्द म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ध्वनिमुद्रित करायचे आणि रोज एक शब्द लोकांपुढे ठेवायचा, एवढाच आमचा बेत. वह्या भरल्या, आवाज साठले. आता हे ठेवायचे कोठे? नागपूरला संगणकाचे शिक्षण घेणारी माझी पुतणी म्हणाली, “काका, मॅस्टोडॉनवर ठेवा. तिथे कोणी एक मालक नाही.” आमच्यातले एक निवृत्त पोस्टमास्तर लगेच म्हणाले, “मालक नाही, तर रात्री दिवा कोण लावतो?”

या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे कळले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. कारण तो प्रश्न आमच्या शब्दांपुरता नाही.

मालक एक नाही, अनेक आहेत

मॅस्टोडॉन ही जर्मनीतल्या युजेन रोचको या तरुणाने २०१६ साली सुरू केलेली रचना. वापरणाऱ्याला ती ट्विटरसारखीच दिसते. चार ओळी लिहाव्या, चित्र लावावे, दुसऱ्याचे वाचावे. फरक आहे तो घडणीत. ट्विटर, म्हणजे आजचे एक्स, एका कंपनीच्या यंत्रांवर चालते. मॅस्टोडॉन हजारो वेगवेगळ्या सर्व्हरांवर चालते. सर्व्हर म्हणजे अहोरात्र चालू राहणारा, आपले लिखाण साठवणारा आणि मागेल त्याला ते पोचवणारा संगणक. कोठे तो एखादी संस्था चालवते, कोठे समान आवडीच्या लोकांचे मंडळ, तर कोठे एकटा हौशी माणूस. असे असूनही एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलू शकतो. एका कंपनीच्या ईमेलवरून दुसऱ्या कंपनीच्या ईमेलवर पत्र जाते तसेच. पत्त्यातही आधी माणसाचे नाव आणि मग सर्व्हरचे. या सर्व्हरांनी आपसांत कसे बोलावे, याचा ‘ॲक्टिव्हिटीपब’ नावाचा संकेत वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने जानेवारी २०१८ मध्ये मान्य केला.

भारतात या नावाचा बोलबाला झाला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले आणि निषेध म्हणून पुष्कळ भारतीयांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतले, तेव्हा जगभरातून दुसरी, याहून मोठी लाट आली. एकाच्या मर्जीवर सगळे अवलंबून असण्याची ही धास्ती पोकळ नव्हती. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारे ‘कू’ २०२० मध्ये निघाले आणि जुलै २०२४ मध्ये ते बंद करीत असल्याचे त्याच्या चालकांनी जाहीर केले. जागा ज्याची, तो उठला की बाजारही उठतो.

म्हणून विखुरलेली रचना बरी, हे खरेच. पण विखुरल्याने मालकी नाहीशी होत नाही, ती वाटली जाते. एका मोठ्या मालकाऐवजी हजारो लहान मालक येतात आणि त्यांतला आपला कोण, हे आपल्याला निवडावे लागते.

तलावांचा दाखला

आमच्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगायला दूर जावे लागत नाही. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले जुने तलाव गावोगाव आहेत. प्रत्येकाची पाळ वेगळी, पाणी सोडायचे तुडूम वेगळे. तरी अनेक ठिकाणी वरच्या तलावाचा सांडवा वाहू लागला, की पाणी खालच्या तलावात उतरते. एका जागी सगळे पाणी अडवणारे एकच धरण नाही, पण सगळे एकमेकांशी बांधलेले. एक पाळ फुटली तर सारा मुलूख बुडत नाही; पण ज्याचे वावर त्या पाळीखाली आहे, त्याचा हंगाम मात्र जातो. त्याला बाकीचे हजार तलाव शाबूत आहेत याचे काय समाधान?

सर्व्हरांचेही असेच आहे. जाळे टिकते, पण एखादा सर्व्हर बुडतो. मॅस्टोडॉन डॉट एलओएल हा बऱ्यापैकी भरलेला सर्व्हर त्याच्या चालकाने २०२३ मध्ये, लोकांच्या भांडणाला आणि शिवीगाळीला कंटाळून बंद केला. त्याच वर्षी मे महिन्यात कोलेक्टिवा या सर्व्हरच्या एका चालकाच्या घरी अमेरिकेच्या एफबीआयने भलत्याच प्रकरणात छापा घातला आणि जप्त केलेल्या सामानात सर्व्हरवरच्या माहितीची कुलूप न लावलेली प्रतही गेली. क्वीअर डॉट एएफ या सर्व्हरची कथा आणखी निराळी. त्याच्या नावातले ‘एएफ’ हे अफगाणिस्तानचे चिन्ह. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलची सत्ता तालिबानकडे गेली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या सरकारने ते नावच रद्द केले. यंत्र होते, माणसे होती, पत्ता मात्र उरला नाही.

या तिन्ही ठिकाणी यंत्र बिघडलेले नव्हते. एका ठिकाणी माणूस थकला, एका ठिकाणी माहिती निष्काळजीपणे पडून होती, एका ठिकाणी पत्ता परक्या राज्याच्या हातात होता. म्हणून सर्व्हर निवडताना त्याचा वेग आणि दिखाऊपणा सोडून पुढचे पाच प्रश्न विचारावेत, अशा निष्कर्षाला मी आलो.

विचारायचे पाच प्रश्न

पहिला प्रश्न, चालवतो कोण आणि त्याच्यामागे कोण? प्रत्येक सर्व्हरचे एक परिचयाचे पान असते. चालकाचे नाव, त्याच्याशी संपर्क कसा करावा आणि नियम तिथे मिळतात. एकटा माणूस प्रामाणिक असला तरी तो आजारी पडतो, कंटाळतो, मरतोही. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचे तर सर्व्हरला चार गोष्टी कबूल कराव्या लागतात: द्वेषाच्या लिखाणाला सक्रियपणे आळा घालणे, रोज माहितीची प्रत काढणे, अडचणीच्या वेळी किल्ली लागू शकेल असा निदान आणखी एक माणूस असणे आणि बंद करायचे तर तीन महिने आधी सांगणे. या चार अटी म्हणजे गावच्या शहाण्या माणसाने घातलेल्या अटीच आहेत. अर्थात कबुली म्हणजे हमी नव्हे. सर्व्हर किती वर्षे टिकून आहे, हेही पाहावे.

दुसरा प्रश्न, खर्च कोण करतो? जाहिरात नाही, फी नाही, वर्गणीही नाही, असे असेल तर कोणाच्या तरी खिशातून पैसे जात आहेत आणि तो खिसा एक दिवस रिकामा होणार. काही सर्व्हर दर महिन्याचा जमाखर्च उघड मांडतात. असे दिसले तर मन निर्धास्त होते.

तिसरा प्रश्न, नियम कोणते आणि ते पाळून कोण घेतो? आपल्या दृष्टीने यात भाषेचा मुद्दा मोठा आहे. मराठीत दिलेली शिवी, जातीवरून मारलेला टोमणा, एखाद्या बाईला आडून दिलेली धमकी युरोपातल्या सज्जन चालकाला कळणार कशी? तक्रार गेली तरी तो गोंधळणार. तेव्हा आपली भाषा जाणणारा निदान एक तरी माणूस देखरेखीला आहे का, हे विचारावे. शेजारचे सर्व्हर आपल्या सर्व्हरशी बोलतात का, हेही पाहावे. २०१९ मध्ये गॅब नावाचे द्वेषाच्या लिखाणासाठी कुप्रसिद्ध संकेतस्थळ याच रचनेवर आले, तेव्हा कितीतरी सर्व्हरांनी त्याच्याशी संबंध तोडले. बदनाम वस्तीत घर घेतले, तर आपले पत्रही शेजारी घेत नाहीत.

चौथा प्रश्न, चालकाला काय दिसते? हे फार थोड्यांना माहीत असते. मॅस्टोडॉनवर एकाने दुसऱ्याला पाठवलेला खासगी निरोप लिफाफ्यातले पत्र नसते, ते पोस्टकार्ड असते. सर्व्हर चालवणाऱ्याने मनात आणले तर तो वाचू शकतो. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा सर्व्हर वेगळा असेल, तर दोन्हीकडचे चालक वाचू शकतात. बहुतेक जण वाचत नाहीत. पण घरची गोष्ट, पैशाचा व्यवहार, आजारपण तिथे लिहू नये.

पाचवा प्रश्न, निघून जाता येते का? या रचनेचे सगळ्यात मोठे बळ यातच आहे. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना आपले अनुयायी बरोबर नेता येतात. आपण कोणाकोणाला वाचतो, ती यादीही उतरवून घेता येते. जुने लिखाण मात्र जुन्याच घरी राहते. त्याची प्रत काढून आपल्याकडे ठेवता येते, इतकेच. आणि हे स्थलांतर जुना सर्व्हर चालू असेपर्यंतच करता येते. तीन महिन्यांच्या सूचनेचे महत्त्व इथे कळते.

मोठा सर्व्हर घ्यावा की लहान? सगळ्यांत मोठा सर्व्हर मॅस्टोडॉनच्या मूळ संस्थेचाच आहे. तो सोपा आहे, टिकण्याचा संभवही जास्त. पण सगळेच तिथे गेले, तर पुन्हा एकाच धरणात सारे पाणी. अगदी लहान ठिकाणी आपुलकी असते, पण भार एकाच खांद्यावर असतो.

आपला वाटा

आमच्या मंडळीत यावर दोन रविवार चर्चा झाली. शेवटी आम्ही मध्यम आकाराचा, तीनचार जण मिळून चालवणारा, हिशेब उघड ठेवणारा सर्व्हर निवडला. प्रवेशाआधी त्यांनी आम्हाला विचारले, तुम्ही कोण, येथे काय करणार? पुतणीला तो अडथळा वाटला. पोस्टमास्तरांना ती खूण वाटली. जो येणाऱ्याला विचारतो, तो राहणाऱ्याला जपतो, असे त्यांचे म्हणणे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्या लिखाणाची प्रत उतरवून घ्यायची, मूळ ध्वनिमुद्रणे दोन घरी दोन ठिकाणी ठेवायची आणि वह्या वह्याच राहू द्यायच्या, असे ठरले. ज्या आजीने आपल्या तोंडचे शब्द दिले, तिला कळेल अशा भाषेत ते कोठे जाणार हे सांगायचे, हेही ठरले.

आणखी एक गोष्ट ठरली. ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दर वर्षी त्या सर्व्हरला आम्ही वर्गणी देणार आणि मराठी तक्रारी समजावून सांगायला आमच्यापैकी एक जण वेळ देणार.

याचे कारण पुन्हा तलावातच आहे. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. तलाव सरकारजमा झाले. पण त्याबरोबर ‘हा तलाव आपला’ ही भावनाही पुष्कळ गावांतून ओसरली. पूर्वी गाळ काढायला, पाळीवर माती टाकायला माणसे निघत. नंतर प्रत्येक जण खात्याकडे बोट दाखवू लागला आणि तलाव गाळाने भरत गेले. पाणी सगळ्यांना हवे होते, फावडे कोणालाच नको होते.

विश्वासू सर्व्हर शोधून सापडतो हे अर्धेच खरे. तो विश्वासू राहतो, ते त्याच्या पाळीवर माती टाकणारी माणसे असतात म्हणून. फुकट मिळणाऱ्या जागेचे भाडे कोणीतरी, कधीतरी वसूल करतोच. मग ते आपल्या माहितीतून असो, वा एका रात्रीत पडणाऱ्या कुलपातून. त्यापेक्षा थोडी वर्गणी आणि थोडी मेहनत आधीच दिलेली काय वाईट? पोस्टमास्तरांच्या प्रश्नाला आता निदान आमच्यापुरते उत्तर मिळाले आहे. दिवा लावणारा दुसरा असेल. तेलात आपलाही वाटा हवा.