नाण्यावरचे दोन हिरवे थर

चिंच लावून घासले की तांब्याचा हंडा लख्ख होतो. हाच उपाय सोळाशे वर्षांपूर्वीच्या रोमन नाण्यावर केला, तर नाणेही लख्ख होईल. पण त्यावर वाचण्यासारखे बहुधा काही उरणार नाही.

सम्राट डायोक्लेशनने इ. स. २९४ च्या सुमारास सुमारे १० ग्रॅम वजनाचे, किंचित चांदी मिसळलेले कांस्य नाणे सुरू केले. पुढे ते झपाट्याने लहान होत गेले. कॉन्स्टंटाइनच्या काळात, इ. स. ३३० च्या सुमारास निघालेले एक नाणे जेमतेम अडीच ग्रॅमचे आहे. त्यावर दोन सैनिक आणि त्यांच्यामध्ये दोन ध्वज दिसतात. पाचेक वर्षांत नाणे आणखी आक्रसले आणि ध्वज एकच राहिला!

असे नाणे जमिनीत पडून राहिले की तांब्यावर प्रथम क्यूप्रस ऑक्साइडचा तांबूस थर येतो. त्यावर पाणी व कार्बन डायऑक्साइड यांच्यामुळे मॅलाकाइटचा घट्ट, गडद हिरवा थर चढतो. नाण्याचा मूळ पृष्ठभाग, अक्षरांसकट, पुष्कळदा या थरांमध्येच टिकलेला असतो; खालच्या धातूत नव्हे. चिंचेतील आम्ल नेमके हेच थर विरघळवते.

दुसरा हिरवा रंग मात्र घातक. माती खारट असेल तर क्लोराइड आत शिरते आणि धातूला लागूनच मेणासारखे राखाडी क्यूप्रस क्लोराइड तयार होते. वरच्या थरांखाली ते शतकानुशतके स्वस्थ पडून असते. नाणे उकरून काढले, दमट हवा आत पोचली, की पाणी व ऑक्सिजन यांच्याशी त्याची क्रिया होते. फिकट हिरवी भुकटी तयार होऊन फुगते, वरचा थर फोडते. शिवाय हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. हे आम्ल ऑक्सिजनच्या साहाय्याने आणखी तांबे खाते आणि पुन्हा क्यूप्रस क्लोराइड बनते. म्हणजे थोडेसे क्लोराइडही पुनःपुन्हा कामाला येते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्तेलो यांनी १८९० च्या दशकात हे चक्र उलगडून दाखवले. याला ‘कांस्यरोग’ म्हणतात, पण यात जंतू वगैरे काही नसतात.

तमिळनाडूत करूर व मदुराई येथे अशी छोटी रोमन नाणी सापडली आहेत. आपल्या पावसाळी हवेत ती उघडी ठेवणे धोक्याचे. सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राखली, तर क्रिया जवळजवळ थांबते. म्हणून रोगट नाणे सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवतात.

वर्गात जुने नाणे वापरू नये. तांब्याच्या दोन पट्ट्या मीठ घातलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवून वाळवाव्यात. एक सिलिका जेलच्या बरणीत, दुसरी ओल्या कापसाच्या बरणीत बंद करावी. आठवडाभर रोज पाहून विद्यार्थ्यांना नोंद ठेवायला सांगावी.