कापणीच्या दिवसांत बंदूक ठाण्यात

२०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल आले ४ जूनला. विधानसभेची १५ ऑक्टोबरला लागली, निकाल २३ नोव्हेंबरला. पहिल्या काळात कोकणात काजू-आंब्याचा हंगाम, दुसऱ्यात भाताची कापणी. केलडी म्हणजे माकडं आणि रानडुकरं शेतात उतरतात ती याच दिवसांत, आणि परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं जातं तेही याच दिवसांत.

मालवण तालुक्यातलं तोंडवली बाहेरच्यांना माहीत झालं ते सी वर्ल्ड या पर्यटन प्रकल्पाच्या वादामुळे. खाली पुळण आणि माड, वर सडा, आधाराला भाताचे कुणगे. सिंधुदुर्गातल्या अशा गावांमध्ये शेतीसंरक्षणाचा शस्त्रपरवाना ही जुनी गोष्ट आहे. बंदूक बहुधा ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू भरायची, गजाने ठासायची, टोपी लावायची. एक बार काढला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. हा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. पिकात घुसलेलं रानडुक्कर मारायचं तरी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन खात्याची वेगळी परवानगी लागते, आणि गवा तर त्या कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीतला. शेतकऱ्याला हवा असतो तो मुख्यतः आवाज.

शस्त्र बाळगणं हा हक्क की सरकारने दिलेली सवलत, हा वाद आपल्याकडे जुना आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी देश निःशस्त्र केला. त्याची चीड इतकी होती, की १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मागितला. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तीच मागणी पुढे आणली. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही; हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर भर हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. संविधानाने सभा भरवण्याचं स्वातंत्र्य दिलं तेही विनाशस्त्र. पुढे १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि परवान्याची पद्धत कायम राहिली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९९३ मध्ये शस्त्र बाळगणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला होता, पण त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो निर्णय पुढे रद्द केला.

अमेरिकेत गाडी उलट दिशेने गेली. न्यूयॉर्क राज्यात घराबाहेर पिस्तूल बाळगायचं तर खास कारण दाखवावं लागे. २३ जून २०२२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट घटनाबाह्य ठरवली. ती वाट आपली नव्हे, असं मला ठामपणे वाटतं. बाजारात, सभेत, वरातीत बंदूक नकोच. लग्नात हौसेने गोळ्या झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला आपल्या शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली, ते योग्यच झालं. ठासणीच्या बंदुकीनेही चोरटी शिकार होते, माणसंही दगावली आहेत. हे शेतकऱ्याची बाजू मांडताना लपवण्यात अर्थ नाही.

पण कुणग्याच्या बांधावरच्या बंदुकीला मिरवणुकीतल्या बंदुकीचा न्याय लावला की गल्लत होते, आणि हे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्येच ओळखलं. निवडणुकीसाठी शस्त्रं जमा करण्याच्या आदेशाला परवानाधारकांनी आव्हान दिलं होतं. त्या प्रकरणातून जी पद्धत ठरली, तीच निवडणूक आयोगाने देशभर लागू केली. जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने एकेका परवानाधारकाचा विचार करायचा. जामिनावर सुटलेले, गुन्ह्याचा इतिहास असलेले, पूर्वी, विशेषतः निवडणुकीत, दंगलीत सापडलेले यांच्याकडे मुख्यतः बघायचं आणि गरज दिसेल त्यालाच शस्त्र जमा करायला सांगायचं. निकालानंतर आठवड्याने ते परत द्यायचं. म्हणजे सरसकट जमा करण्याचा फतवा या पद्धतीत बसत नाही. कर्नाटकातल्या कोडव समाजाला तर परवान्यातूनच सूट आहे, आणि २०२१ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तोंडवलीचा शेतकरी एवढी मोठी सूट मागत नाही. आपला कागद कुणीतरी उघडून वाचावा, एवढंच त्याचं मागणं आहे.

समितीला हजारो कागद थोड्या दिवसांत तपासावे लागतात, ही अडचण खरी आहे. पण परवान्यांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयात असते आणि गुन्ह्यांची नोंद ठाण्यात असते. निवडणुकीच्या आधीच्या पावसाळ्यात ही छाननी उरकता येईल.

तोवर परवानाधारकांनी एवढं करावं. नोटीस आली की ती नावानिशी आहे का आणि समितीचा निर्णय त्यात आहे का, ते वाचावं. पीक उभं असल्याचं लिहून, सातबारा जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे सूट मागावी आणि अर्जाची पोच घ्यावी. आदेश कायम राहिला तर बंदूक वेळेत जमा करावी, पावती नीट ठेवावी, आणि निकालानंतर आठवडा उलटला की ती दाखवून बंदूक परत मागावी.