दोन वाहिन्यांच्या मधली मुलं

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळांना टाळं लागलं तेव्हा कर्नाटकात दहावीची परीक्षा अगदी तोंडावर होती. 27 मार्चला सुरू व्हायची ती 25 जूनला सुरू झाली. त्या वेळी बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी शाळांत आठवी-नववीला असलेली मुलं आज कुणी कॉलेजात आहेत, कुणी कामाला लागली आहेत. त्यांच्या वाट्याला आलेल्या घरबसल्या शिक्षणाचा हिशेब मांडताना घरात मोबाइल होता का, एवढंच विचारून भागत नाही. सीमाभागात त्यापुढे आणखी एक अडचण होती.

20 जुलै 2020, सोमवार. कर्नाटक सरकारने दूरदर्शनच्या चंदन वाहिनीवर आठवी ते दहावीसाठी 'सेतुबंध' हे पाठ सुरू केले. त्याच दिवशी महाराष्ट्रात सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' सुरू झाली. चंदनवरचे पाठ कन्नडमधून. टिलीमिली मराठीत, पण बालभारतीच्या पुस्तकांवर आणि आठवीपर्यंतच. सीमाभागातल्या मराठी शाळांत मात्र पुस्तकं कर्नाटकचीच, मराठीत छापलेली. दहावीचं गणित-विज्ञान तिथे एनसीईआरटीच्या वळणाचं, आणि इतिहासात तर दोन्ही राज्यांचे धडे वेगळ्याच वाटेने जातात. म्हणजे नववीतल्या मुलीला आपलं पुस्तक शिकवणारी वाहिनी परक्या माध्यमातली, आणि आपल्या भाषेतली वाहिनी तिच्या इयत्तेपर्यंत पोहोचतच नव्हती. दोन्ही राज्यांत घाईघाईत, चांगल्या मनाने काम झालं हे मी मान्य करतो. पण योजना आखताना ही मुलं कुणाच्याच डोळ्यांपुढे नव्हती. पलीकडे महाराष्ट्रातल्या जत-अक्कलकोटच्या कन्नड शाळांचीही हीच गत, फक्त उलट बाजूने.

मग भार आला तो शिक्षकांवर. पुस्तकाच्या पानाचा फोटो, त्याखाली चार-पाच मिनिटांचा आवाजी निरोप, संध्याकाळी गृहपाठाचे फोटो, असा व्हॉट्सॲपवरचा वर्ग चालू झाला. निपाणीत विडीकामगारांच्या घरी त्याचं वेळापत्रक फोनच ठरवायचा. घरात फोन एकच, तो वडिलांबरोबर कामावर. ते परतले की आधी दहावीचा भाऊ, मग सातवीतली बहीण. तोवर आई सुपात पानं घेऊन विड्या वळत बसलेली आणि नेटपॅक संपत आलेला. सकाळी दहाला पाठवलेला पाठ रात्री नऊला उघडला जायचा. शंका विचारायची कुणाला? हे ओळखून काही शिक्षक रात्री जेवणानंतर मुलांना साधा फोन लावायचे. त्याला ना ॲप लागत होतं, ना रेंजचे चार दांडे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात मात्र, कणकुंबी-जांबोटीकडे, भर पावसात साध्या फोनलाही रेंजसाठी माळावर जावं लागे.

सप्टेंबर 2020 मध्ये 'असर' या शैक्षणिक अहवालासाठी देशभर ग्रामीण भागात फोनवरून पाहणी झाली. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी सुमारे 62 टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता, 2018 मधल्या 36 टक्क्यांवरून वाढलेला. तरीही पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालं ते जेमतेम एक-तृतीयांश मुलांना.

कर्नाटकची 'विद्यागम' योजना मला या सगळ्या काळातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. ऑगस्ट 2020 मध्ये ती सुरू झाली. मुलांचे तीन गट केले: इंटरनेटचा फोन असलेली, साधा फोन असलेली आणि काहीच नसलेली. एकेका शिक्षकाकडे वीस-पंचवीस मुलं सोपवली. देवळाचा मंडप, समाजमंदिर, झाडाखालचा पार, जिथे जागा मिळेल तिथे शिक्षक गावात जाऊन बसले. सीमाभागासाठी यात मोठी गोष्ट अशी की शिक्षक मुलांच्या भाषेत, मुलांच्याच पुस्तकातून शिकवत होते. वाहिनीला न जमलेलं काम पारावर झालं. पण शिक्षक आणि मुलं आजारी पडू लागल्याच्या बातम्या आल्या आणि 10 ऑक्टोबरला योजना थांबवावी लागली. शिक्षकांचा जीव धोक्यात घालून ती चालवावी असं मी म्हणणार नाही. मात्र 1 जानेवारी 2021 ला शाळेच्या आवारात ती पुन्हा सुरू होईपर्यंत फोन नसलेल्या मुलांसाठी शाळा जवळजवळ संपलीच होती.

पुढे दुसरी लाट. 2021 ची दहावी 19 आणि 22 जुलै अशा दोनच दिवसांत, पर्यायी उत्तरांच्या प्रश्नांवर उरकली. ती संपते न संपते तोच वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं. जवळपास सगळीच मुलं उत्तीर्ण झाली. त्या गुणपत्रिकेवरून कोण काय शिकलं हे कळायला मार्ग नव्हता. ते अकरावीच्या वर्गात कळलं. 2022-23 मध्ये राज्याने 'कलिका चेतरिके' या नावाने मागे पडलेला अभ्यास भरून काढायचा कार्यक्रम घेतला, पण तो नववीपर्यंतचा. या मुलांपैकी मोठी होती ती तोवर शाळेबाहेर पडली होती.

पावसापुरामुळे इथल्या शाळांना आजही सुट्ट्या द्याव्या लागतात. कर्नाटकच्या मराठी माध्यमाच्या पुस्तकांवर आठवी ते दहावीचे पाठ मराठीतून ध्वनिमुद्रित करून प्रत्येक शाळेत ठेवायचे, तर त्यासाठी महासाथीची वाट पाहायचं कारण नाही. शिकवणारे शिक्षक याच तालुक्यांत आहेत, आणि त्यांतल्या अनेकांच्या जुन्या फोनमध्ये 2020 चे आवाजी पाठ अजून सापडतील. सुरुवात तिथून करता येईल.