पुण्यात सापडलेली ‘अलकनंदा’

विरार फास्टमध्ये दाराशी उभं राहून रील्स सरकवताना जेम्स वेब दुर्बिणीचा एखादा रंगीत फोटो समोर येतो. ‘भारी!’ म्हणत तुम्ही हार्ट देता आणि नालासोपारा येईपर्यंत विसरूनही जाता. हे नासावाल्यांचं काम, आपलं काय त्यात?

तर ऐका. त्याच दुर्बिणीच्या फोटोंमधून एक दीर्घिका शोधली गेली ती पुण्यात. एनसीआरए या संस्थेत पीएचडी करणारी राशी जैन आणि तिचे मार्गदर्शक योगेश वाडदेकर यांचा हा शोध नोव्हेंबर २०२५ मध्ये जगासमोर आला. सुमारे ७० हजार ठिपके चाळताना राशीला एक वेगळा दिसला. त्याला दोन सुरेख सर्पिल भुजा होत्या, अगदी आपल्या आकाशगंगेसारख्या. पण हा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय जेमतेम १५० कोटी वर्षं होतं! (आज ते १,३८० कोटी आहे.) इतक्या कोवळ्या वयात दीर्घिका विस्कळीत असणार, भुजा आकाराला यायला खूप काळ लागतो, असा समज होता. तो आता तपासावा लागणार. नाव ठेवलं अलकनंदा. हिमालयात या नदीला मंदाकिनी मिळते आणि हिंदीत आपल्या आकाशगंगेलाही मंदाकिनीच म्हणतात.

वसईच्या किनाऱ्यावरूनही हल्ली दिव्यांच्या झगमगाटात धड तारे दिसत नाहीत, खरंय. पण राशीनं तरी शोध लावला तो कम्प्युटरसमोर बसूनच. वेबचे फोटो ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांसाठी खुले होतात, ‘मास्ट’ नावाच्या ऑनलाइन संग्रहातून फुकट उतरवता येतात. फायली मात्र अवाढव्य असतात. तेवढं काम कॉलेजच्या वाय-फायवर उरका.